पाण्याखालचं उष्टं

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निळाशार फोटो येतो आणि त्याखाली लिहिलेलं असतं, ‘पूल सीझन सुरू’. गुरुग्राममध्ये ऋतू हे असे मोबाइलवर कळतात. फोटोतलं पाणी आमच्या पूलचं नाही, कुठल्याशा बेटावरचं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सगळे खाली टाळ्या वाजवतात. यंदा त्या फोटोखाली आणखी एक ओळ होती. स्कूबा शिकणाऱ्यांनी आपापला माउथपीस विकत घ्यावा, पर्सनल हायजीन महत्त्वाचं आहे.

मी ते वाचलं आणि तोंडात ती चव आली. जुनं रबर, क्लोरीन आणि दुसऱ्याची थुंकी. शी! चहात आलं जरा जास्तच ठेचून घातलं, तरी जाईना. ‘हायजीन’ हा शब्द कुणी गोड आवाजात उच्चारला की हीच चव परत येते, ती त्या उन्हाळ्यापासून.

आता किळस या विषयात मला कुणी शिकवू नये. मी त्या घराण्यातली आहे. पुण्याला आमच्या घरी भांडं ओठाला लागलेलं कुणी पाहिलं नाही. पाणी वरून प्यायचं. पाहुण्याने चुकून तोंड लावलं, तर तो दाराबाहेर पडेपर्यंत आई त्या भांड्यावरची नजर काढायची नाही. माझ्या लग्नात घास भरवायची वेळ आली आणि श्रीकांतने स्वतः चावलेली अर्धी जिलबी माझ्या तोंडासमोर धरली, तेव्हाचा माझा चेहरा अल्बममध्ये आहे. सासूबाई म्हणाल्या होत्या, “अगं, विष नाहीये ते!” श्रीकांतच्या कपातला चहा मी आजही पीत नाही. तो बिचारा आता विचारतही नाही.

अशी मी, आणि मी स्कूबा शिकले. तेही गुडगावात, जिथून समुद्र बघायचा तर आगगाडीत रात्र काढावी लागते.

तेव्हा ते गुडगावच होतं. देशाचे दरवाजे उघडले होते, श्रीकांतला परदेशी कंपनीत नोकरी लागली होती आणि आम्ही नव्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर राहायला आलो होतो. बाल्कनीतून एका बाजूला काचेची इमारत दिसायची, दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत आणि त्यात पाठमोऱ्या म्हशी. वीज गेली की जनरेटरचा काळा धूर थेट स्वयंपाकघरात यायचा. पोळ्यांना डिझेलचा वास लागायचा. कांदेपोहे खायची हुक्की आली की थेट राजधानीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनपर्यंत गाडी काढायची, तिथे ते गार मिळायचे, आणि तरी आम्ही डोळे मिटून खायचो. सगळ्यांच्या बोलण्यात एकच शब्द, लाइफस्टाइल. बिल्डरने माहितीपत्रकात छापलं होतं, ‘समुद्र आपल्या दारी’. दारी काय होतं, तर एक खोल पूल आणि तो भरायला येणारे टँकर.

ते पाणी आठवलं तरी अंगावर काटा येतो. पहिल्या दिवशी निळं, मग हिरवट, मग रंगाला नावच देता येणार नाही असं काहीतरी. तळाशी केस. कुणाच्या तरी जखमेवरून सुटलेली पट्टी माझ्या गालाला घासून गेली होती एकदा. आंधी आली की अर्ध्या हरियाणाची धूळ पाण्यात उतरायची आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पातळ आमटीत पोहायचो. पोरं काठावरून आत उतरायची आणि एकदम गप्प, समाधानी चेहऱ्याने उभी राहायची. ती का गप्प झाली ते मला कळायचं. त्यांच्या आयांना कळत नसे, की कळूनही चालत असे, देव जाणे.

त्यात हा खेळ. क्लबने सांगवान सरांना आणलं होतं. हे नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे, मूळचे इकडचेच, आवाज असा की पाण्याखालीही ऐकू यावा. सगळ्यांना वाटायचं, स्कूबा म्हणजे मासे बघणं. सर म्हणायचे, “मछली बाद में। पहले रुकना सीखो।” त्यांच्या स्पर्धेत वेगाला किंमत नव्हती. पाण्याच्या मधोमध लटकत राहायचं. वर यायचं नाही, तळाला टेकायचं नाही, हात मारायचे नाहीत. कमरेला शिशाची वजनं, पाठीवर टाकी, आणि सगळा कारभार श्वासाचा. घेतला की बोटभर वर, सोडला की बोटभर खाली. मध्ये रिंगा टांगलेल्या, त्यांतून अंग न लावता जायचं. रिंगांना सरांनी घुंगरं बांधली होती. जरा खांदा घासला की पाण्यात ती बारीक वाजायची आणि गुण गेला.

खरं सांगायचं तर मला तो खेळ फार आवडला. माझ्यासारख्या दिवसभर चिडणाऱ्या बाईला असं जगात कुठेही न टेकता थांबायला मिळत होतं. पण त्या सुखाभोवती घाण केवढी! मास्कवर वाफ धरू नये म्हणून काचेत आतून थुंकायचं आणि ती थुंकी बोटाने पसरायची, हा जगभरचा रिवाज. पहिल्या दिवशी सर म्हणाले, “थूको।” मी म्हटलं, “सर, कुछ और नहीं है?” ते म्हणाले, “मॅडम, आपका ही थूक है।” पाण्यातून वर आलं की प्रत्येकाच्या नाकाखाली शेंबूड लोंबत असायचा आणि मोठमोठ्या कंपन्यांचे व्हाइस प्रेसिडेंट त्याच अवतारात एकमेकांना “गुड डाइव्ह” म्हणायचे. आणि माउथपीस! टाकीतली हवा तोंडात आणणाऱ्या नळीच्या टोकाचा तो रबरी तुकडा, दातांत धरायचा. क्लबचे सगळे एका पेटीत. आज तुमच्या तोंडात, उद्या खुरानांच्या. मी डेटॉलची बाटली घेऊन जायचे. माझा नेहमीचा माउथपीस डाव्या बाजूने चावून चावून कुरतडलेला होता, तो मी पेटीत हात घालून बरोबर ओळखायचे.

त्यातल्या एका माउथपीसच्या नळीला लाल चिकटपट्टी होती. मला वाटलं, खराब असेल, गळत असेल. म्हणून मी तो कधी घेतला नाही. बरेच दिवस माझी तशीच समजूत होती.

नफिसा आमच्याच टॉवरमध्ये राहायची, कंपनीच्या नावावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये. रत्नागिरीची, सॉफ्टवेअरमधली, माझ्याहून लहान. लिफ्टमध्ये मी फोनवर आईशी भांडत होते, तेव्हा पाठीमागून आवाज आला, “ताई, कोकम पाहिजे असेल तर माझ्याकडे आहे.” भांडणात कोकमाचा विषय होता हे तिने बरोबर ऐकलं होतं. अशी आमची ओळख. पूलमध्ये तिला बघावं तर बघत राहावं. मांडी घालून पाण्याच्या मध्यावर बसायची आणि हलायचीच नाही. फक्त बुडबुडे वर जायचे.

मी एकदा म्हटलं, “तुला काय गं, तुम्ही समुद्रातलेच.”

“कुठचं काय, ताई! आमच्या दारातून समुद्र दिसायचा. अब्बा बोटीवर. पण पोरींनी घोट्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही. अब्बा म्हणायचे, ज्याच्यावर पोट भरतं त्याच्यात शिरायचं नसतं.” मग जरा थांबून म्हणाली, “एकदा आतून बघायचाय मला तो. एकदाच. मग म्हटलं तर सोडून देईन सगळं.”

तशी संधी होती. उन्हाळ्याच्या शेवटी क्लबची स्पर्धा आणि तीत पहिली येणारी जोडी पुढच्या फेरीला एका बेटावर, खऱ्या समुद्रात. जोडी म्हणजे जोडीच, कारण मुख्य प्रकार होता दोघांत एक माउथपीस. दोघांनी एकमेकांचा दंड धरायचा, एकाने दोन श्वास घ्यायचे, तोंडातला माउथपीस काढून दुसऱ्याला द्यायचा, त्याने दोन घ्यायचे, परत. असं करत सगळ्या रिंगांतून पार. “समंदर में एक की हवा ख़त्म हुई तो दूसरे की बाँटनी पड़ती है,” सर म्हणायचे. नफिसाला फक्त एक जोडीदार हवा होता.

मिळेना. सगळ्यांत चांगली पाणबुडी, आणि मिळेना! खुरानांच्या मुलीच्या दातांना तारा होत्या. दुसऱ्या एकाला सायनस झाला. ज्याला सायनस झाला तो दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या तोंडातला माउथपीस घेऊन मजेत पोहताना दिसला. एकीने तर उपास सांगितला. उपास! माउथपीसला साबुदाणा लावतात की काय? नफिसा प्रत्येकाला “इट्स ओके” म्हणायची आणि काठावर बसून मास्कमध्ये थुंकायची.

कपडे बदलायच्या खोलीत केळकरवहिनी भेटल्या. या पार्ल्याच्या, आमच्या मराठी मंडळाचा आधारस्तंभ. संक्रांतीचं हळदीकुंकू, गणपतीची आरती, सगळं यांच्याकडे. त्या आणि केळकर जोडीने स्पर्धेत उतरत होते. मी पेटीत हात घातला तर हाताला लाल पट्टीवाला आला. मी सहज म्हटलं, “हा दुरुस्तीला का देत नाहीत?”

“अगं, तो खराब नाहीये. तो तिचा.”

“कुणाचा?”

“तिचा गं, नफिसाचा. चुकून आपल्याकडे येऊ नये म्हणून मीच पट्टी लावली. सगळ्यांनाच बरं वाटलं. हायजीन म्हणून गं.” मग माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाल्या, “पण तिला कुणी एका शब्दाने दुखावलं नाही हं. आपण काय तसले लोक नाही.”

मी म्हटलं, “वहिनी, तुमचा माझ्या तोंडात येतो, माझा खुरानांच्या. त्याचं काय?”

“ते वेगळं. ते आपल्यातलं.”

मला खरोखर ओकारी आली. पूलमधल्या केसांनी, पट्टीने, शेंबडाने जी आली नव्हती ती आली. मी आयुष्यभर किळस सांभाळली, तिच्यापायी सासरी बोलणी खाल्ली, पण ती सगळ्यांसाठी सारखी होती. नवरा असो, व्हाइस प्रेसिडेंट असो, उष्टं ते उष्टं! आणि ही बाई तीच किळस वापरून माणसं निवडत होती, वर गोड बोलत होती. मुँह में राम, बगल में छुरी म्हणतात इकडे. मी ओल्या केसांनी बाहेर गेले आणि सरांना सांगितलं, नफिसाची जोडीदार मी.

पहिल्याच सरावाला घात झाला. नफिसाने दोन श्वास घेतले, माउथपीस माझ्याकडे दिला, आणि माझ्या अंगठ्याने तो पुसला. मी पुसला नाही, अंगठ्याने पुसला. चहूकडे पाणीच पाणी, पुसून काय होणार होतं? पण घराणं कुठे जातं! मास्कच्या काचेआड नफिसाचे डोळे माझ्या अंगठ्याकडे गेले आणि तिने मान वळवली.

वर आल्यावर मी नाकही न पुसता सुरू केलं, “नफिसा, तुला वाटतंय तसं नाहीये हं. मी माझ्या नवऱ्याचंसुद्धा उष्टं खात नाही. आईशप्पत! श्रीकांतला विचार.”

ती हसली. रागावली असती तर परवडलं असतं. “सगळे काही ना काही सांगतात, ताई. तारा, सायनस, उपास. तुमचं नवीन आहे एवढंच.” मग पायातले रबरी फिन्स काढता काढता म्हणाली, “तुमच्या मनातलं मला कसं कळणार? मला पुसलेलं दिसतं.”

“तुला ती लाल पट्टी...”

“पहिल्या आठवड्यापासून माहिती आहे. मला वाटलं, तुम्हालाही माहिती आहे.”

म्हणजे इतके दिवस ती मला त्यांच्यातच धरून चालली होती आणि तरी कोकम देत होती. त्या दुपारी बाहेर लू वाहत होती, बाल्कनीचे गज हाताला चटके देत होते, आणि मी आत स्वतःशी तणतणत होते. पुढच्या रविवारी मी धीर करून श्रीकांतच्या कपातला एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावले. तो म्हणाला, “अगं, मला काही रोग झालाय का?” म्हटलं, तुला नाही, मला झालाय. पण नफिसाचा समुद्र माझ्या अंगठ्यावर अडकला होता. मी पुसत बसले तर लय तुटणार, वजन बिघडणार, घुंगरं वाजणार. आणि घुंगरं वाजली नाहीत तरी नफिसा पुन्हा मान वळवणार.

सरांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी एकच सांगितलं, “मॅडम, चीज़ को मत देखो। बंदे को देखो।” तर मी माउथपीसकडे बघणं सोडलं. नफिसाच्या डोळ्यांकडे बघायला लागले. तिचे डोळे पिंगट आहेत हे मला पाण्याखाली कळलं. हळूहळू अंगठा हट्टाने मुठीत राहायला शिकला. किळस गेली असं मी म्हणणार नाही, प्रत्येक वेळी ती यायची, पण श्वासाची गरज तिच्या आधी यायची.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आंधी आली आणि पूलची आमटी झाली. तरी लोक नटूनथटून आले. काठावर छत्र्या, कोल्ड्रिंक, तेलकट सामोसे, त्यावर माशा, आणि परीक्षक बाहेरून आलेले. पहिली जोडी केळकरांची. नवरा-बायको, पंचवीसएक वर्षांचा संसार. केळकरांनी दोन श्वास घेऊन माउथपीस वहिनींना दिला आणि वहिनींनी तो काय केला? पुसला! आधी हाताने, मग पोहण्याच्या कपड्याला. स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडातला! तेवढ्यात केळकरांचा श्वास कोंडला, वहिनींनी घाबरून छातीभर हवा ओढली आणि कढईतल्या पुरीसारख्या टुम्मकन वर आल्या. घुंगरांचा नुसता तमाशा. त्यांच्यामागून प्रत्येक जोडीचं तेच. कुणी झटकला, कुणी चोळला, एकाने पाण्यात खळबळून घेतला. जणू पाणी घालून पाणी धुवायचं होतं. मला हसू आलं आणि मग शिसारी आली. यांना ‘आपल्यातलं’सुद्धा चालत नव्हतं. पट्टी मात्र एकीच्याच नळीला होती.

आमची पाळी आली. नफिसाने लाल पट्टीवालाच घेतला, सगळ्यांच्या देखत. पाण्यात काही दिसत नव्हतं, मातकट उजेड आणि तिचे डोळे. तिने दोन श्वास घेतले, दिला. मी घेतला, तसाच. तिच्या तोंडाची ऊब त्या रबराला होती, ती मला लागली. मी दोन घेतले, दिला. ती श्वास घेई तेव्हा तिच्याबरोबर मीही बोटभर वर उचलली जायची, मी सोडला की ती माझ्याबरोबर खाली यायची. रिंग गेली, दुसरी गेली. एकही घुंगरू वाजलं नाही. इतकं शांत, की वर कुणी टाळ्या वाजवतंय की नाही, तेही कळेना.

वर आलो तेव्हा टाळ्या होत्या, पातळशा. परीक्षक बाहेरचे होते, म्हणून आमची निवड झाली. बेटावरच्या समुद्राचं मी इथे सांगत नाही. ते सुंदर होतं आणि हे लिखाण सुंदर गोष्टींचं नाही. नफिसा खाली गेली आणि बराच वेळ वर यायला तयार नव्हती, एवढंच. आता ती परदेशात असते, समुद्राजवळ. सोडून वगैरे काही दिलं नाही तिने.

माझ्या डोक्यातून जात नाही ती स्पर्धेनंतरची सकाळ. बेटाच्या तयारीला आम्ही दोघी लवकर आलो होतो. पूलवर कुणी नव्हतं, मोराचं ओरडणं तेवढं शेताकडून येत होतं. मी पेटीत हात घातला आणि डाव्या बाजूने कुरतडलेला माझा नेहमीचा माउथपीस काढला. त्याच्या नळीला लाल पट्टी होती. कोरी करकरीत, नीट गुंडाळलेली, टोक कात्रीने सरळ कापलेलं.

आदल्या दिवशी सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं होतं. केळकरवहिनींनी मिठी मारली होती. मला एका शब्दाने कुणी दुखावलं नव्हतं.

नफिसाने बघितलं. तिचा चेहरा पडला. स्वतःच्या पट्टीला तिने कधी हात लावला नव्हता, पण माझी ती घाईघाईने नखाने सोडवायला लागली. “तुम्हाला नको हे, ताई. माझ्यामुळे उगाच. थांबा, निघेल.”

“राहू दे गं,” मी म्हटलं. मी तिचं बोट पट्टीवरून बाजूला केलं. “आपले दोन वेगळे राहतील. त्यांची थुंकी तरी नको आपल्याला.”

ती खो खो हसली. मग तिने माझा माउथपीस उचलून स्वतःच्या तोंडात धरला आणि आपला माझ्यासमोर केला. मी घेतला. अंगठा मुठीत होता, आणि या वेळी तो हललाही नाही.